साडेपाच फुटांवरची कडी

१० फेब्रुवारी

दादा,

गेले एकोणीस दिवस मला स्वतःच्या घरात बाथरूमचं दार लावून बसता आलेलं नाही. ही बाब मी अत्यंत जड अंतःकरणाने आणि उघड्या दाराने तुला कळवत आहे. माणसाच्या मूलभूत गरजांच्या यादीत अन्न, वस्त्र, निवारा असं सगळं सापडतं, कडीचा उल्लेख कुठेच नाही. यादी करणाऱ्यांच्या घरी लहान मुलं नसावीत. किंवा असावीत, आणि म्हणूनच ते यादी करायच्या निमित्ताने बाहेर पडले असावेत.

सहा वर्षांनी पत्र, आणि तेही बाथरूमवरून, म्हणून तू कपाळाला आठ्या घालशील. घाल. पण प्रश्न तांत्रिक आहे आणि दार तू केलेलं आहेस, म्हणून लिहितोय. दुसरं काहीही कारण नाही.

तर परिस्थिती अशी. बाथरूमची कडी तू जमिनीपासून साडेपाच फुटांवर बसवलीस. माझी उंची पाच फूट चार इंच. हे तुला पक्कं ठाऊक आहे, कारण लहानपणी दाराच्या चौकटीवर आपल्या उंचीच्या खुणा तूच करायचास आणि माझी खूण दर वेळी अर्धा इंच खाली करायचास. त्यात जानेवारीपासून माझा उजवा खांदा धरलाय. हात छातीच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. बायको म्हणते, पोरांना खांद्यावर बसवून घोडा घोडा करण्याचं वय झालं नव्हतं, ते आधीच उलटलं होतं. डाव्या हाताने कडी लावावी, तर ती अशी घट्ट की दार खांद्याने दाबल्याशिवाय सरकत नाही, आणि दाबायचा खांदा नेमका तोच. म्हणून मी दार नुसतं लोटून बसतो. लोटलेलं दार म्हणजे आमच्याकडे आमंत्रण समजतात.

थोरली चार वर्षांची. तिला घरात आम्ही फौजदार म्हणतो. ती प्रथम चौकशीला येते. "बाबा, काय करतोयस?" उत्तर डोळ्यांसमोर बसलेलं असताना असा प्रश्न विचारायला फौजदाराचंच काळीज लागतं. मग ती स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल आणते आणि समोर मांडते. पाठोपाठ धाकटा येतो. तो दोन वर्षांचा, नाव बारक्या. तो रोज माझी एक चप्पल आणून देतो. एकच. दुसरी कुठे असते ते त्याचं त्याला माहीत. काल दोघांनी मला तिथेच बसवून 'दुकान दुकान' खेळून घेतलं. मी गिऱ्हाईक. उठून जाऊ न शकणारं गिऱ्हाईक कुठल्या दुकानदाराला नको असतं? मी साबण विकत घेतला, माझाच टॉवेल विकत घेतला, आणि शेवटी "आता दुकान बंद, तुम्ही घरी जा," असं मला माझ्याच घरात सांगण्यात आलं.

बायको तुला माहीत नाही. ती दातांची डॉक्टर आहे. सकाळी नऊला जाते. दिवसभर तिच्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. असं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. मी घरून लिहितो, म्हणजे मी घरी असतो आणि लिहीत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच: कडी खाली, तीन फुटांवर आणली तर दाराला काही धोका आहे का? तुझी हरकत असेल तर कळव. आठवडाभर वाट बघतो.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनीला नमस्कार. पुतणी आता सतरा-अठरा वर्षांची झाली असेल. माझ्या डोक्यात ती अजून दोन वेण्यांचीच आहे.


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. वहिनीचा निरोप फोनवर आला: "पत्र पोचलं. दोनदा वाचलं. बोलले काही नाहीत." तू दोनदा वाचलंस यावर मी तीन दिवस काढले.

मौन म्हणजे संमती, असं मी लहानपणापासून धरत आलोय. त्यावर तुझे दोन धपाटेही खाल्लेत. पण सवय जात नाही. रविवारी मी कडी खाली आणली.

हत्यार तुझंच वापरलं. लाल चिकटपट्टी गुंडाळलेल्या मुठीचा पेचकस. तो माझ्याकडे कसा, हा विषय आत्ता नको.

मदतनीस दोन होते. फौजदाराने सगळे स्क्रू मुठीत धरले आणि दर मिनिटाला मोजून दाखवले: "एक, दोन, पाच, सात. सगळे आहेत." सगळे म्हणजे आठ होते. आठवा बारक्याने माझ्या बुटात ठेवला होता. तो मला दुसऱ्या दिवशी टाचेने सापडला. वरची भोकं उघडी पडली, ती फौजदाराने माझ्या दाढीच्या क्रीमने बुजवली, कारण "भोकांना थंडी वाजेल". मी कडीला शिलाई मशीनचं तेल चार थेंब सोडलं. आता काय सरकते म्हणून सांगू! एका बोटाने. बारक्याच्याही एका बोटाने. तुझी ती कुस्ती खेळायला लावणारी कडी कुठे आणि ही कुठे. लिहायचा नाद सोडून मी सुतारकीत पडलो असतो तर आज नाव काढलं असतं.

पहिल्या दिवशी मी बंद दाराआड अकरा मिनिटं बसलो. घड्याळ नेलं होतं. अकरातली दोन शांततेची. मग दाराखालच्या फटीतून चार छोटी बोटं आत आली.

"बाबा, आहेस?"

"आहे."

"कुठे?"

"आत."

"का?"

दादा, मी गेली वीस वर्षं भल्याभल्यांची टोपी उडवून पोट भरतोय. या 'का'ला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. मी म्हणालो, "मोठी माणसं दार लावून बसतात. दुसऱ्याच्या बाथरूममध्ये डोकवायचं नाही. वाईट सवय असते." बोटं विचार करत तिथेच राहिली. मग एक निळा खडू आत सरकला. भेट म्हणून असावा.

बाकी आमचा दिवस तुला माहीत असेलच, तूही एक मूल वाढवलंयस. बालवाडीची वेळ साडेआठ. बूट घालायला आम्ही साडेसातला बसतो. "मी माझी माझी घालणार," ही घोषणा होते, पंचवीस मिनिटं जातात, उजवा बूट डाव्या पायात जातो, आणि मी तो बदलायला गेलो की घरात खून पडल्यासारखा आरडाओरडा. आता बदलत नाही. ती पाय फाकवून बदकासारखी जाते, आणि बाई तिथे काही न बोलता बदलतात. बाईंचा मला आदर वाटतो.

परवा बिस्किट मोडलं. डब्यातून काढतानाच त्याचे दोन तुकडे निघाले. "नीट कर," फौजदार म्हणाली. मी समजावलं की दोन्ही तुकडे मिळून तेवढंच बिस्किट होतं. हिशेब बरोबर होता, पण तिला बिस्किट हवं होतं, हिशेब नको होता. "मोडलेलं जोडता येत नाही गं," मी म्हणालो. "मग कुणाला येतं?"

"माझ्या दादाला येतं," मी बोलून गेलो.

"तुला दादा आहे?"

आता काय सांगू? आहे म्हणालो. तेव्हापासून तुझी चौकशी चालू आहे. तू किती मोठा आहेस, तुला मिशी आहे का, तू चिडतोस का. आणि सगळ्यात वाईट: "तो आपल्याकडे का येत नाही?" मी म्हणालो, काम असतं. "सहा वर्षं?" असं ती विचारणार नाही, तिला सातपर्यंतच मोजता येतं आणि त्यातले तीन आकडे ती गाळते. पण बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचा तो बघण्याचा एक प्रकार आहे, किडका दात सापडल्यासारखा.

तेव्हा पेचकसाचा विषय घेऊनच टाकतो.

वर्तमानपत्रात शनिवारी माझी एक चौकट असते. ती दर आठवड्याला भरावी लागते. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी ती तुझ्या कडीने भरली गेली. 'गेली' म्हणजे मी भरली. मी नवं घर घेतलं होतं, एकटा होतो, तू महिनाभर खपून सगळी दारं करून दिलीस. एवढ्या वर कडी कशाला, असं मी विचारल्यावर तू नुसतं "नंतर कळेल तुला," म्हणालास. नंतर म्हणजे केव्हा ते तू सांगितलं नाहीस आणि मी थांबलो नाही. मी छापलं, की माझ्या सुतार भावाने माझ्या बाथरूमला जिराफाच्या मापाची कडी बसवली आहे; आता जिराफाची सोय झाली, फक्त तो मिळायचा आहे. त्यावर आणखी पंधरा विनोद. नाव घातलं नव्हतं. पण मला भाऊ किती आणि त्यातले सुतार किती? सोमवारपासून तुला गिऱ्हाइकं "काय जिराफमिस्त्री" म्हणायला लागली, हे मला फार उशिरा कळलं. त्या सोमवारी तू माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दुसरं दार बसवायला आला होतास. पेचकस ओट्यावर ठेवलास आणि निघून गेलास. मला वाटलं, दोन दिवसांत येशील. पेचकसाशिवाय सुताराचं कसं चालणार?

चाललं.

तुझ्या कारखान्यात ती भिंतीवरची फळी अजून आहे का रे? प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीची रेघ, आणि संध्याकाळी प्रत्येक हत्यार आपापल्या रेघेत परत गेल्याशिवाय तू कुलूप लावायचा नाहीस. "हत्यारालाही घर असतं," असं म्हणायचास. मी त्यावरही विनोद केला होता बहुतेक. छापला नव्हता, एवढंच.

तुझा,
धाकटा

ता. क. कपाटाला अजून एकच दार आहे. उघड्या बाजूत आता फौजदाराचं ऑफिस आहे. बारक्या तिथे शिपाई.


२८ फेब्रुवारी

दादा,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. तू फोनच्या त्या टोकाला होतास. या टोकाचं मी सांगतो.

सकाळचे पावणेदहा. बायको गेलेली, बालवाडीला सुट्टी. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. आतून 'खट्' असा आवाज आला. किती गोड आवाज होता म्हणून सांगू, चार थेंब तेल घातलेला.

"फौजदार, दार उघड."

"नाही. मी बसलेय."

"मग झाल्यावर उघड."

"झालं की सांगीन. तू डोकवू नकोस. वाईट सवय असते."

शब्द न् शब्द माझा. मी बाहेर उभा राहिलो आणि मुलगी शिस्तीची निघाली म्हणून मनातल्या मनात खूश झालो. माणूस किती मूर्ख असू शकतो, याला खरंच मोजपट्टी नाही.

पाच मिनिटांनी: "बाबा, उघडत नाही."

तिने कडीचं बोंडुक, म्हणजे सरकवायची ती मूठ, पलीकडच्या खाचेत खाली पाडून ठेवलं होतं, आणि ते आता तिथून निघत नव्हतं. वर तिने हात धुवायला नळ पूर्ण सोडला होता. त्याच्या आवाजात मी ओरडत होतो.

"बोंडुक वर करून उजवीकडे ओढ!"

"उजवीकडे म्हणजे?"

"ज्या हाताने जेवतेस तो!"

"मी दोन्ही हातांनी जेवते!"

हे खरं आहे. मी रोज बघतो.

मग मी खांद्याने दार दाबलं. त्याच खांद्याने. दार हललं नाही. तुझं काम. दुसऱ्या कुणी केलेलं असतं तर एव्हाना माझ्या अंगावर आलं असतं. मी शिव्या घातल्या; त्या तुलाच होत्या, पण ऐकल्या तिने. आणि आतापर्यंत शांत असलेली पोर रडायला लागली.

या सगळ्यात घरात डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच होता. बारक्या डबा घेऊन आला, दारासमोर मांडी घालून बसला आणि फटीतून एकेक बिस्किट आत सरकवायला लागला. "ताई, खा." आत रडणं थांबलं, चघळणं सुरू झालं. "अजून दे," आतून आवाज आला. "आख्खं दे." पुरवठा चालू राहिला. मी मात्र दोन्ही हातांनी हँडल धरून उभा होतो, जसं काही दार पळून जाणार होतं.

मग बिस्किटं संपली. आणि ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी आता इथेच राहणार का?"

दादा, मी खाली बसलो. आणि बसल्यावर, चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बिजागरीजवळ मला तुझं अक्षर दिसलं. पेन्सिलीने तारीख, आणि त्याखाली तुझा नंबर. प्रत्येक दार बसवल्यावर तू तो असा लिहून ठेवतोस, काही बिघडलं तर लोकांना सापडावा म्हणून. फोनमधून तुझा नंबर मी रागाच्या भरात काढून टाकला होता, आणि वहिनीचा शोधायचं भान नव्हतं. चौकटीवरून काढायचा राहून गेला होता.

फोन वहिनीने उचलला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वहिनी, मुलगी आत अडकलीय." तिकडे तिने 'अहो!' अशी जी हाक मारली, ती मला फोन नसता तरी ऐकू आली असती. आणि मग सहा वर्षांनी तुझा आवाज.

"कडी कुठे आहे?"

"तीन फुटांवर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"स्पीकर लाव. फोन फटीशी धर. आणि तू बोलू नकोस."

पुढचं तू बोललास, पण तुला तुझं बोलणं ऐकू कुठे येतं? म्हणून लिहून ठेवतो.

"कोण आहे गं आत?"

"मी. तू कोण?"

"हे दार मी केलंय."

"मग ते उघडत का नाही?"

"त्याला पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाहीये. आधी नळ बंद कर बघू."

नळ बंद झाला. मी पंधरा मिनिटं घसा फोडत होतो, ते हे.

"शाब्बास. आता कडीला एक नाक आहे. दिसलं?"

"हो. खाली वाकलंय."

"झोपलंय ते. त्याला उठवायचंय. पण आत्ता नाही, मी सांगेन तेव्हा. तुझा बाबा बाहेर आहे ना? तो बाहेरून दार उचलून धरेल. बाबा, हँडल धर आणि दार वर उचल. ढकलू नकोस. वर."

मी उचललं. दोन्ही हातांनी. त्या खांद्यात कळ अशी गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"उचललं," मी म्हणालो.

"बोलू नकोस म्हटलं ना. हं, बाळ, आता उठव त्याला."

"उठलं!"

"आता सांग, बादली कुठे आहे?"

"ही इथे."

"नाकाला धर आणि बादलीकडे ओढ."

खट्.

बाहेर आली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात अर्धं बिस्किट. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. फोनला म्हणाली, "उघडलं! आता तू जा, झोप." मी तिला घट्ट धरलं. बारक्याने तिच्या हातातलं बिस्किट घेतलं, कामाचा मोबदला म्हणून. मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "दादा..."

"माझा पेचकस तुझ्याकडे आहे," तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

तासाभराने वहिनीचा फोन आला. तिने सांगितलं ते मला सहा वर्षांपूर्वी माहीत असायला हवं होतं. चौदा वर्षांपूर्वीही, पण तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो आणि पत्रांतून फक्त स्वतःबद्दल कळवत होतो. पुतणी तीन वर्षांची असताना अशीच आत अडकली. चाळीस मिनिटं. तू पटाशीने बिजागऱ्या उखडून दार काढलंस, स्वतः केलेलं, आणि हात सोलून निघाले. "त्यानंतर कुणाच्याही घरी साडेपाच फुटांच्या खाली कडी नाही," वहिनी म्हणाली. "घट्टसुद्धा मुद्दाम ठेवतात. कुणी विचारलं की म्हणतात, नंतर कळेल. तो प्रसंग त्यांना तोंडाने सांगवत नाही, भावजी."

"पण मला तेव्हा कुठे मुलं होती?" मी म्हणालो. "लग्नसुद्धा नव्हतं."

"मीही तेच म्हटलं. भावजी चाळिशी उलटून एकटे बसलेत, त्यांना कशाला हवी वर कडी? तर म्हणाले, होतील."

दादा, या एका शब्दावर मला कालपासून एकही विनोद सुचलेला नाही. खूप प्रयत्न केला.

लग्नाला तुला नुसती छापील पत्रिका पाठवली होती. तिच्यावर हाताने एक ओळ लिहायची होती. ती ही: चूक माझी होती. जागा तेव्हाही होती, मी भरली नाही.

धाकटा


१६ मार्च, तुझ्या कारखान्यात, दुपारचे तीन

दादा,

हे तुझ्या टेबलावरच्या कागदावर, तुझ्याच चपट्या पेन्सिलीने लिहितोय. मागच्या बाजूला कुणाच्या तरी खिडकीची मापं आहेत, ती पुसलेली नाहीत, घाबरू नकोस. तू गिऱ्हाइकाकडे गेला आहेस आणि चारपर्यंत येशील, असं वहिनी म्हणते. आम्ही न कळवता आलो. कळवलं असतं तर तू थांबला असतास की नसतास, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं.

कडी पुन्हा वर नेली. साडेपाच फूट, तुझ्याच जुन्या भोकांत, दाढीचं क्रीम खरवडून काढून. खालची भोकं लाकडाच्या भुशाने आणि डिंकाने बुजवली; वहिनीला विचारून, माझ्या अकलेने नाही. तेल पुसून काढलं. आता ती पूर्वीसारखीच हट्टी झाली आहे. मी दार लोटून बसतो. दुकान पूर्ववत चालू आहे. काल मला कंगवा खपवण्यात आला.

आणि एक कात्रण सोबत ठेवतोय. कालच्या शनिवारचं, माझ्या चौकटीतलं, अगदी खालच्या कोपऱ्यात:

'दुरुस्ती: सहा वर्षांपूर्वी याच जागी, एका सुताराने कडी जिराफाच्या मापाची बसवल्याचं छापलं होतं. ती मुलांच्या मापाची होती. त्या मजकुरात प्राणी चुकला. जिराफ नव्हे, गाढव. आणि ते दारापाशी नसून लिहायला बसलं होतं.'

संपादक म्हणाले, याचा संदर्भ कुणाला लागणार? मी म्हणालो, एकाला लागला तरी पुरे. बायकोने वाचलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे किडक्या दातासारखं न बघता बघितलं. मग म्हणाली, "आता प्रत्यक्ष जाऊन सांग, छापून नाही." तिच्या खुर्चीवर नसतानाही मला तिच्यापुढे तोंड उघडता येत नाही, म्हणून आलो.

इथली हकीकत तुला कळायला हवी, कारण तू येशील तेव्हा पुरावे डोळ्यांसमोरच असतील. बारक्या भुशाच्या ढिगात कमरेपर्यंत बसलाय आणि रंध्याची सालपटं पुतणीच्या डोक्यावर एकेक करून ठेवतोय. ती हलत नाही. माझ्या डोक्यातली दोन वेण्यांची मुलगी आता माझ्यापेक्षा उंच आहे. दारात पाहिल्याबरोबर म्हणाली, "काका, तुम्ही वाकून का येताय? इथलं दार जिराफालाही पुरतं." तुमच्या घरात हा विनोद चालतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच बसलो आणि इतका हसलो की वहिनीने पाणी आणून दिलं. कदाचित हसत नव्हतो सुद्धा.

फौजदाराने आल्याबरोबर तपास सुरू केला. प्रत्येक हत्याराचं नाव विचारलं, प्रत्येकाला बोट लावलं, पटाशीला सोडून. पटाशी वहिनीने आधीच पदराआड लपवली होती. मग ती भिंतीवरच्या फळीपुढे येऊन थांबली. करवत आपल्या रेघेत, रंधा आपल्या रेघेत, हातोड्या लहानमोठ्या ओळीने. मधेच एक रिकामी रेघ. लांबट, मुठीपाशी फुगीर. वर खिळा. नवा पेचकस तू घेतला आहेस, तो टेबलावर लोळत पडलाय. त्या रेघेत तो गेलेला नाही.

"बाबा, हे कुणाचं घर आहे?" तिने बोट ठेवून विचारलं.

"येतोय तो," मी म्हणालो.

खिळा साडेपाच फुटांवर आहे. अर्थातच. मी डाव्या हाताने पेचकस पिशवीतून काढला, मग विचार करून उजव्यात घेतला. तुझं दार उचलल्यापासून खांदा थोडा सुटलाय. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही, त्यांचंही पोट आहे. हात कण्हत कुंथत वर गेला. मुठीवरची लाल पट्टी आमच्या घरी जरा फिकट झालीय, आणि टोकाला फौजदाराने निळा खडू फासलाय, तो गेला नाही. बाकी जसा होता तसा आहे.

टांगलाय. रेघेत बसला.

बाहेर गाडी थांबल्यासारखं वाटतंय. पेन्सिल होती तिथे ठेवतोय.